साहेबांचं टेबल

क्षयरोग दवाखान्यातल्या नव्या बीएस्सी कारकुनाच्या, शमशेरच्या, टेबलावर कार्डांच्या दोनच पेट्या मावत. प्रत्येक गावाची पेटी वेगळी, रांगेत आठ गावं मिसळलेली. एक पेटी माडीवर न्यायची, दुसरी आणायची, की पुढच्या रोग्याला नेमकी नेलेलीच हवी. शिपाई तासाभरात सत्तावीस वेळा जिना चढला. “भाऊसाहेब, डाक्टर एकच्या यष्टीनं नगरला जात्यात. कार्डाबिगर सुई न्हाई. मागल्या बेस्तरवारीबी माजी हुकली,” रांगेतली चांगुणा खोकत म्हणाली. शेजारचं लांबलचक टेबल रिकामंच. “त्यावर सगळ्या पेट्या मावतील,” शमशेर म्हणाला. हेडक्लार्क दचकले. “ते पाहणीला येणाऱ्या साहेबांचं!” “कधी आले होते?” “अजून नाही.” शमशेरला शिसारी आली. त्याने आठही पेट्या तिथे मांडल्या. रांग सरकली. चांगुणा सुई घेऊन बाहेर आली, तेव्हा पेट्या हटवून, नाकाला रुमाल लावून, हेडक्लार्क टेबल फिनेलनं पुसत होते.