भिंतीला पाठ

दुष्काळी कामावर खडी फोडून रतनबाईची पाठ धरली, असं मिरजगावात सगळेच म्हणत, आणि तीही मान डोलवी. नगरच्या डॉक्टरांनी मात्र गोळ्या दिल्याच नाहीत. रोज टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकवून ताठ उभं राहायचं, एवढाच व्यायाम सांगितला.

नवरा गोरक्ष बाहेर पडला की ती तो करी. एके दिवशी गोरक्ष मध्येच घरी आला आणि भिंतीला उभी असलेली रतनबाई चटकन पोक काढून वाकली. लग्नाआधी बघायला आले तेव्हा आईनं तिला बजावलं होतं, "नवरदेवापरीस उंच दिसू नगं." तेव्हापासून अठरा वर्षं ती त्याच्यासमोर अशीच उभी राहत आली होती.

गोरक्ष खाली घोंगडीवर बसला. म्हणाला, "ऱ्हा सरळ. तू माझ्यापरीस उंच हायेस, ते बघायला आल्तो तवाच मला दिसलं हुतं."

"मग इतकी वर्सं बोलला का न्हाई तुमी?"

"तू लपवीत हुतीस. म्हनलं, कशाला लाजवावं!"