बुंदीचं औक्षण

आपल्या मधुमेही मांजरीच्या, बुंदीच्या वाढदिवसाला मालूआत्यांनी तिला पाटावर बसवलं आणि ओवाळायला घेतलं. निरांजन नाकाजवळ येताच बुंदी बिथरली आणि थेट कपाटाखाली शिरली. तोच तिच्या गळ्यातला, साखर मोजून इन्सुलिन देणारा पट्टा बोलला, "रक्तातली साखर तीनशे नव्वद. मिनिटभरात इन्सुलिन टोचतो आहे."

"टोचू दे. त्याला सगळं कळतं," आत्या म्हणाल्या.

"थांब!" त्यांची दहा वर्षांची भाची शर्वाणी ओरडली. "आत्या, ती घाबरलीय गं. मांजर घाबरलं की त्याची साखर थोडा वेळ चढते. सकाळचं इन्सुलिन दिलंय. आता आणखी दिलं, तर साखर इतकी उतरेल की बुंदीच्या जिवावर बेतेल."

"न टोचण्याची जबाबदारी कोणाची?" पट्ट्याने विचारलं.

"माझी," शर्वाणी म्हणाली.

कपाटापाशी पालथी पडून ती बुंदीशी हळू आवाजात बोलत राहिली. दीड तासाने बुंदी बाहेर आली. शर्वाणीने तिच्या कानाच्या कडेला बारीक सुई टोचली आणि रक्ताचा थेंब तपासला. साखर दोनशे दहा होती.

"निर्णय योग्य," पट्टा म्हणाला. "नोंदीसाठी डॉक्टरांचं नाव सांगा."

आत्यांनी पदर खोचला.

"लिहून घे," त्या ठसक्यात म्हणाल्या. "शर्वाणी कारखानीस. इयत्ता पाचवी."