कडेचा उजेड

रिफायनरीतल्या साहेबांना आखातातल्या बनेद अल-गारच्या फ्लॅटवर जेवायला बोलावून जयदीपने लेकीला पुढे केलं. शर्वरी सांगू लागली, "लांबचा राक्षसी ग्रह नुसता काळा असतो, काका. पण तो ताऱ्यासमोरून सरकताना त्याच्या कडेचा उजेड नीट बघायचा. तिथली हवा कशी आहे, ते आता त्यावरून कळतं."

"इतकं बारीक बघायला कुणी शिकवलं गं?"

"बाबांनी."

जयदीपच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शर्वरीच्या आईच्या हातून मात्र आमटी साहेबांच्या शर्टावर सांडली.

साहेब जाताच आईने शर्वरीला खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

 

दाराच्या दुधी काचेवर, दिव्यासमोरून बाबांची काळी आकृती आईकडे सरकली. शर्वरीने नेहमीप्रमाणे कडेला बघितलं. आज हातात पट्टा होता.