कोपर कुणाचं?

ताईच्या मुलाखतीपायी धाकट्याचं कोपर भाजलं, पण तसं काही झालंच नाही, असं घरात ठरलंय. मुलाखत तोंडावर आली होती आणि पुटकुळी नाकावर. "राजा, दमलास ना? हात चेपून देते," ताई म्हणाली. धाकट्याच्या मनात पाल चुकचुकली. जिने जन्मात रिमोट दिला नाही, ती हात चेपणार? तरी त्याने हात दिला. सकाळी कोपराच्या खळगीत लालभडक चट्टा आणि ताई भिंग घेऊन उशाशी. त्याने तिच्या पुटकुळीवरच्या टी ट्री ऑइलची बाटली हिसकावून वाचली: 'खोबरेलमध्ये मिसळूनच लावा. आधी कोपराच्या खळगीत लावून दिवसभर थांबा.' "अगं, स्वतःच्या कोपराच्या!" "तसं कुठे लिहिलंय? आणि खोबरेल संपलं होतं." ताईचं नाक वाचलं. सबब, कंपनीस नम्र विनंती: बाटलीवर 'स्वतःच्या' हा शब्द ठळक छापावा व सदर कोपर पूर्ववत करून मिळावे.