भिंतीकडची बाजू

शाळेच्या नव्या इमारतीला गावाने पैसे द्यायचे की नाही, यावरून पहिलीच्या वर्गात भरलेली सभा चांगलीच तापली होती. गिरणीच्या घरघरीवर पोसलेला आवाज लावून पीठगिरणीवाला गरजला, "ही भिंत अजून वीस वर्षं हलायची नाही! मोठ्या बाईंना मिरवायचंय, तेही आमच्या जिवावर!"

"हात मोजताना दर वेळी भांडणं होतात," मोठ्या बाई थंडपणे म्हणाल्या. "आज उभं राहूनच मत द्या. देणारे दाराशी, न देणारे त्या भिंतीला टेकून."

देणारे दाराशी गेले. न देणारे मात्र वर्गाच्या मधोमधच घुटमळले. पोट सुटलेल्या त्या भिंतीकडे कुणाचं पाऊल वळेना.

"इथूनच मोजा की! आम्ही काय पळून चाललोय?" गिरणीवाला खेकसला.

तेवढ्यात त्याची बायको गर्दीतून सरळ चालत गेली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"अगं ए, डोकं फिरलंय का तुझं? ऊठ आधी! अंगावर येईल ती!"

ती जागची हलली नाही.

"आपली नात रोज इथेच बसते."