नालवाडीतला पंप

"आईच्या दुधाले ना जात असते, ना धरम," बापूजींनी मयुरीच्या नालवाडीतल्या घराच्या दारात चपला काढता काढता जाहीर केलं. गावच्या दूध सोसायटीचं अध्यक्षपद बरीच वर्षं भोगल्यामुळे दूध या विषयावर ते उभ्यानंच बोलत. मग ते सोफ्यावर टेकले, समोरच्या भिंतीकडे नजर गेली आणि त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणाल्या तुम्ही?"

मयुरी काहीच म्हणाली नव्हती. म्हणायची गरजही नव्हती. बुद्ध आजकाल फर्निचरच्या दुकानातही मिळतो. पण शेजारी बाबासाहेब असले की शंका उरत नाही.

बापूजींच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, सोफ्यावर पसरलेला पदर आवरून मांडीवर घेतला. मुलगा सचिन मोबाइलमध्ये शिरला. सून वर्षाली दारातच उभी राहिली, ओढणीखाली छातीशी टॉवेल दाबून. तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं होतं आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. त्याला आईचंच दूध पाहिजे, वाटी-चमच्यानं पाजा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दूध होतं, पण हातानं पिळून निघत नव्हतं. छातीचा दगड झाला होता, अंगात ताप होता. दूध काढायचा नवा पंप ऑनलाइन मागवला तर यायला चार दिवस लागणार होते, म्हणून सचिननं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मयुरीचा जुना पंप शोधला. भाव ठरला, पत्ता मिळाला. आडनाव विचारायचं तेवढं राहून गेलं.

टीपॉयवर पांढऱ्या फडक्यावर पंपाचे सुटे भाग मांडलेले होते. मयुरीनं ते नुकतेच उकळून काढले होते. शेजारी पाण्याचे चार ग्लास. बाहेर वर्ध्याचा मे महिना होता, पण तहान कोणालाच नव्हती.

"पंप चांगला दिसते," बापूजी लांबूनच म्हणाले. "घरी नेऊन शुद्ध करून घेऊ."

"उकळलाय मी. आत्ताच."

"उकळनं येगळं बाई, शुद्ध येगळं." भागीरथाबाईंनी पिशवीतून एक बाटली काढली. वापरलेली वस्तू घरात आणायची म्हणून त्या तयारीनंच निघाल्या होत्या. "आमच्या कपिलेचं गोमूत्र हाये. नळीतून थोडंसं फिरवलं का झालं."

मयुरी सरकारी कचेरीत नोकरीला होती. तिथे असलं ऐकून घ्यायचा तिला पगार मिळे. आज रविवार होता.

"म्हणजे गाईचं मूत चालते," ती म्हणाली, "बाईचं दूध नाई चालत?"

"तुम्ही चिडून काऊन राह्यल्या?" बापूजी दुखावले. "आम्ही जातपात मानत नाई. दारातच सांगतलं ना मी."

"सांगतलं. अन् आत येऊन आडनाव इचारलं. मले इकायचाच नाई पंप. उठा."

"मॅडम, असं एकदम कॅन्सल नका ना करू," सचिन मोबाइलमधून वर आला.

"बरं, तुमचं काय म्हणणं हाये?" मयुरीनं त्यालाच विचारलं.

"माह्यं काय... बाबा म्हणतीन तसं." सचिन परत मोबाइलमध्ये गेला.

"चाला," बापूजी गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "नवाच मागवू. चार दिवस इकडे का तिकडे."

"तोवर पोराले काय पाजू, मामाजी? भाषण?"

वर्षाली घरात आल्यापासून पहिल्यांदाच बोलली होती. बापूजी पुन्हा बसले.

"वर्षाली, अवं बाबा हायेत ते..." सचिन म्हणाला.

"तुम्ही तं बोलूच नका. तुमच्या छातीत असे गोटे भरले असते ना, तं उकिरड्यावरून उचलून आणला असता पंप. अन् शुद्ध करायले कोणी आठवलंही नसतं."

ती पुढे आली. फडक्यासकट सगळे भाग तिनं छातीशी गोळा केले आणि मयुरीपुढे उभी राहिली. ओढणी ओली झाली होती. "ताई, इकू नका. पण आत्ता एकडाव वापरू द्या."

मयुरीचा हात रस्त्याकडच्या दारावर होता. तिनं तो काढला आणि आतल्या खोलीचं दार उघडलं.

"पहिले हात धू. बटन बाजूले हाये. एकदम जोरात नको लावू, हळूहळू वाढवजो."

दार लागलं. आत घर्रघर्र सुरू झाली. बाहेर बापूजींनी एकदा घसा साफ केला. आईच्या दुधाबद्दल त्यांचं आणखी काही सांगायचं राहिलं असावं. मयुरीनं त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते पंख्याकडे बघू लागले. भागीरथाबाईंच्या मांडीवर ती बाटली तशीच होती.

घर्रघर्र थांबली. सुरू झाली. पुन्हा थांबली.

"आई," आतून सासूला हाक मारणारा वर्षालीचा आवाज आला. रडका होता, पण त्यातला ताण गेला होता. "बाटली भरली वं. अजून येऊनच राह्यलं."

भागीरथाबाई ताडकन उठल्या. आतल्या दारापर्यंत गेल्या, मागे वळल्या, हातातल्या गोमूत्राच्या बाटलीकडे पाहिलं. ती त्यांनी टीपॉयवर, पाण्याच्या ग्लासांशेजारी ठेवली. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबल्या.

"बाई," त्या मयुरीला म्हणाल्या, "एखादी वाटी उकळून दे न. मोठी पाहूनच देजो."