जाहीर पाणउतारा

फुकट वाटल्या जाणाऱ्या आमच्या ऑपरेटिंग सिस्टिममधली एक युक्ती आपल्या पेटंटची आहे, असं एका कंपनीचं म्हणणं होतं. ते पेटंट रद्द करा म्हणून आम्ही म्युनिकच्या कोर्टात गेलो. ती युक्ती माझी होती.

"पेटंटच्या आधी ही कुणाला ठाऊक होती?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

आमच्या प्रकल्पाचे सत्तरीतले प्रमुख डेटलेफ मान खाली घालून उठले. पेटंटच्या दोन वर्षं आधी, माझ्या कोडखाली लिहिलेलं स्वतःचं उत्तर त्यांनी वाचून दाखवलं. "हाइके, कसली डोंबलाची नवी युक्ती? कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं पोरही हे डोळे मिटून लिहील. उगाच मिरवू नकोस!"

आमच्या प्रकल्पात सगळं बोलणं इंटरनेटवर, जाहीर. अख्खं जग वाचतं, आणि कुणाला काही खोडता येत नाही. तेव्हा मी दोन दिवस रडले होते.

"पहिल्या वर्षाच्या पोरालाही जमतं, त्याचं पेटंट कसलं?" न्यायाधीशबाई म्हणाल्या. पेटंट रद्द झालं.

बाहेर आल्यावर डेटलेफ पुटपुटले, "तेव्हा जरा जास्तच बोललो गं. आता सगळ्यांसमोर माफी मागतो."

"खबरदार!" मी ताठ मानेने म्हणाले. "अपिलाची मुदत संपेपर्यंत मी पहिल्या वर्षाचं पोरच आहे."